शेंदरी दगडापासून तीन मीटर

रस्ते खात्याच्या पंकजा मॅडम पाहणीला येणार तो दिवस नेमका अमावस्येचा निघाला आणि माझं डोकं फिरलं. तारीख त्यांच्या कार्यालयानं दिलेली, त्यामुळं बोलायची सोय नाही. आमचे हे, गोरक्ष, म्हणाले, जाऊ दे, होईल काहीतरी. त्यांच्या 'जाऊ दे'वर संसार चालला असता तर मी कशाला एवढी तापट झाले असते.

अमावस्येचं एवढं काय, ते सांगते. दर अमावस्येला माझ्या सासूबाई, रतनबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, नैवेद्याच्या आधी आमच्या हॉटेलच्या फाटकाशी तांब्याभर पाणी ओततात. फाटकात काँक्रीट टाकलं तेव्हा त्यांनी हट्टानं वीतभर जमीन उघडी ठेवायला लावली, तिथं. चिखल होतो, गिऱ्हाइकांच्या चपला भरतात, म्हणून मी आठ वर्षं कटकट करते आहे आणि आठ वर्षं त्या ओततातच आहेत. एरवी तो सासू-सुनेचा नेहमीचा खेळ. त्या दिवशी मात्र मॅडमनी ते पाणी बघितलं असतं आणि हे काय म्हणून विचारलं असतं, तर आमच्या हॉटेलला टाळं लागलं असतं.

हॉटेल आमचं सुपा-पारनेर रस्त्याला. नाव 'रतन', कारण मासवडी आत्याबाईंच्या हातची. आठवडाभर सुप्याच्या कारखान्यांतली माणसं जेवायला येतात, शनिवार-रविवारी पुण्याकडच्या गाड्या. माझे सासरे वैजनाथ यांनी बाजरीचं वावर मोडून हे उभं केलं तेव्हा भाऊबंद हसले होते. सासरे गेले, हॉटेल राहिलं. आमचं घर आणि कामावरच्या सात बायकांची घरं त्यावर चालतात.

दिवाळी झाली आणि रस्ते खात्याची नोटीस आली. रस्त्याकडेच्या हॉटेलनं गाड्या लावायची जागा रस्त्याच्या हद्दीपासून सहा मीटर आत ठेवायची. मधल्या मोकळ्या पट्ट्याला त्यांच्या भाषेत सामासिक अंतर म्हणतात. तीस दिवसांत पाळा, नाहीतर रस्त्यावरून आत यायची वाट चर खणून बंद करू. आमचं पुढचं अंगणच सव्वानऊ मीटर खोल. त्यातले सहा सोडले तर उरलेल्या जागेत मोटरसायकली लागतील, चारचाकी नाही. मागं रान मोकळं आहे, पण तिकडं गाडी जाणार कशी? एका अंगाला भिंतीला लागून ओढा. दुसऱ्या अंगाला तीन फुटांचा बोळ, आणि बोळाला लागून भिमाजी तात्यांचं वावर. तात्या माझे चुलत सासरे. तो बोळ पूर्वी एवढा अरुंद नव्हता. दरवर्षी तात्यांच्या नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, इकडं सरकायचं, आणि दरवर्षी आमचे हे जाऊ दे म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी मी तोंड सोडलं, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

मी पारनेरच्या कार्यालयात जाऊन बसले. तिथल्या कारकुनानं सांगितलं की खास बाब म्हणून अर्ज करता येतो. मॅडम जागा बघतात आणि पटलं तर सहाचे तीन मीटर करून देतात. तीनच्या खाली जायचा अधिकार त्यांनाही नाही. मी अर्ज केला, नकाशा काढून घेतला आणि अंगणात पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. रेघेच्या आत गाड्या, बाहेर मोकळी जागा. रेघेपासून रस्त्याची हद्द भरली तीन मीटर वीस सेंटिमीटर. एका वितीवर आमचं हॉटेल वाचत होतं.

गोम एवढीच होती की ती हद्द मोजायची कुठून.

रस्ता दोनदा नव्यानं झाला, डांबर एका अंगाला सरकलं, त्यामुळं रस्त्याच्या मध्यावरून मोजलेलं कुणी खरं धरत नाही. कार्यालयाच्या जुन्या नकाशात हद्दीचे दगड दाखवलेत, तेच प्रमाण. त्यातला एक दगड आमच्या अंगणाच्या तोंडाशी होता. कुण्या पणज्यानं त्याला शेंदूर फासला आणि सरकारी दगडाचा म्हसोबा झाला. एकाच दगडावर तिघांची हद्द: पुढं रस्ता, इकडं आम्ही, तिकडं भिमाजी तात्या.

आणि तो दगड त्याच्या जागेवर नव्हता. हॉटेल बांधताना फाटकातून वाळूच्या गाड्या वळायच्या आणि देवाला घासून जायच्या. मग सासऱ्यांनी आणि तात्यांनी मिळून म्हसोबा उचलला आणि फाटकाच्या दुसऱ्या अंगाला, आमच्या कडुलिंबाखाली नेऊन बसवला. दोन पावलं रस्त्याकडं आणि चार पावलं आमच्या बाजूला. नारळ फोडला, दहीभात ठेवला, देवाची परवानगी मागितली. कुणाच्या मनात पाप नव्हतं. देवाला ऊन लागत होतं, सावलीत बसवला, एवढंच. फक्त आत्याबाई म्हणाल्या की देव हलवला तरी जागा देवाचीच राहते, तिला उपाशी ठेवायचं नाही. म्हणून ते पाणी.

म्हणजे खऱ्या जागेवरून मोजलं तर माझे तीन मीटर वीस दीड मीटरनं कमी व्हायचे आणि अर्ज तिथंच संपायचा. हे ठाऊक असलेली माणसं उरली होती चार. आम्ही नवरा-बायको, आत्याबाई आणि भिमाजी तात्या. त्यात पंचनाम्यावर शेजाऱ्याची सही लागते. शेजारी कोण, तर तात्या.

मी मासवडीचा डबा घेऊन तात्यांकडं गेले. तीन वर्षांनी त्यांच्या ओट्यावर चढताना माझे पाय जड झाले होते, खोटं कशाला सांगू. वाटलं होतं, पाया पडायला लावतील, जुनं उकरतील. तसलं काही झालं नाही. त्यांनी मला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दगड पहिल्यापासून तिथंच आहे असं सांगायचं ना, सांगू की. घरचं हॉटेल आहे. मी गाडीवरून परत येईपर्यंत मनात हसत होते. बदल्यात काही न मागता हो म्हणणारा भाऊबंद बघितला की माणसानं आधी आपले खिसे चाचपावेत, एवढी अक्कल तेव्हा सुचली नाही. माझं सगळं लक्ष पुढं, रस्त्याकडं लागलेलं.

आत्याबाईंना पटवणं त्याहून अवघड गेलं. मी म्हणाले, तुम्ही काही बोलू नका. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "इचारलं न्हाई तर चुलीम्होरं बसन. इचारलं तर सांगन. देवाच्या दारात खोटं बोलायला माझं तोंड धजायचं न्हाई." पाणी मॅडम गेल्यावर ओता म्हणाले, तर देवाची वेळ टळते म्हणून चेहरा पाडला. शेवटी मी क्रोटनची एक मोठी कुंडी आणली आणि फाटकाच्या त्या उघड्या जागेवर ठेवून दिली. शोभेला शोभा आणि झाकणाला झाकण.

मॅडम दहाला येणार होत्या, आल्या साडेअकराला. तोवर मी अंगण तीनदा झाडलं, फक्कीची रेघ दोनदा नव्यानं ओढली. आत स्वयंपाकघराच्या दाराशी आत्याबाई पितळी तांब्या भरून उभ्या होत्या. त्या नुसत्या सूर्याकडं बघत होत्या, आणि मला त्यांचा राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती. तात्या धुतलेली टोपी घालून कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. जावई आल्यासारखा मी त्यांना दोनदा चहा दिला.

पंकजा मॅडम चाळिशीच्या असतील. कमी बोलणाऱ्या, पायात बूट, हातात जुन्या नकाशाची गुंडाळी. बरोबर टेप धरायला कल्याण नावाचा माणूस. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, म्हणाल्या, आधी काम. कल्याणनं म्हसोबाला हात जोडले, टेपचं टोक दगडाला टेकवलं आणि मॅडम रेघेपर्यंत टेप ओढत आल्या. तीन वीस. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. तीन एकोणीस.

मग त्या नकाशा उघडून बराच वेळ उभ्या राहिल्या. एकदा दगडाकडं, एकदा फाटकाकडं. कुंडीजवळून दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा थांबल्या आणि क्रोटनचं पान बोटानं बाजूला केलं, तेव्हा वाटलं, संपलं. पण त्या नुसत्या पानावरची धूळ बघत होत्या की काय कोण जाणे, पुढं गेल्या.

"हा दगड मूळ जागीच आहे ना?" त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं.

आमचे हे चपलेच्या अंगठ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत तात्या उठले. "हाय तिथंच हाय, मॅडम. माझ्या बापाच्या आधीपासून. आमी इथंच न्हानाचं मोठं झालो."

उंदराला मांजर साक्ष म्हणतात ती ही. मॅडमनी कागद मांडीवर घेऊन लिहायला सुरुवात केली. दगड मूळ जागी, अंतर तीन मीटरपेक्षा जास्त, खास बाब म्हणून सवलत देण्यास हरकत नाही. प्रत्येक वाक्य त्या मोठ्यानं वाचत होत्या आणि प्रत्येक वाक्यागणिक माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. तात्यांनी खिशातून चष्मा काढला, सही करायला वाकले आणि सही करता करता सहज म्हणाले, "आमच्या दोघांच्या बांधाचा बी हाच दगुड हाय, तेवढं एक लिवा. आन एक प्रत मला द्या."

मॅडमना त्यात काही गैर दिसलं नाही. नकाशातही तो दगड तिघांचाच होता. त्यांनी ओळ वाढवली, तात्यांनी सही केली आणि पेन माझ्या हातात आलं. अर्जदार मी.

मी सही करायला वाकले आणि दगडाकडं बघितलं. पहिल्यांदाच रस्त्याकडं न बघता दगडाच्या मागं, हॉटेलकडं बघितलं. दगडापासून सरळ मागं रेघ ओढली तर ती फाटकाच्या या खांबाला लागून जात होती. पूर्ण फाटक रेघेच्या पलीकडं. बोळ पलीकडं. बोळाच्या तोंडाशी असलेलं आमचं बोअर पलीकडं. तात्यांचं नांगराचं तास दरवर्षी जिकडं सरकत होतं, ती रेघ आता सरकारी कागदावर येत होती आणि तिच्याखाली माझी सही होणार होती. गाड्या लावायला जागा मिळाली असती. आत यायचं फाटक आणि प्यायचं पाणी मात्र तात्यांचं झालं असतं.

मी भ्याले. एवढी भीती मला नोटीस आली तेव्हाही वाटली नव्हती. आणि त्याहून जास्त चीड आली, ती तात्यांची नाही, माझी. माणूस हुशारी करायला जातो आणि आपल्याच हातानं दुसऱ्याच्या नांगराला बैल जुंपून देतो. तात्या माझ्याकडं बघत होते. हळूच म्हणाले, "कर सही, सूनबाई. म्याडमला उशीर व्हतोय."

सही नाही केली तर सवलत गेली, चर खणला जाणार, हे मला दिसत होतं. मी पेन कागदावर आडवं ठेवलं.

"मॅडम, दगड इथला नाही," मी म्हणाले. "आम्ही हलवलाय."

मॅडमनी मान वर केली. तात्या आधी हसले. मग म्हणाले, ही बाई खोटं बोलते, तिला बांधाची लालूच सुटली, सकाळी एक सांगते आणि दुपारी दुसरं. त्यात खोटं काय होतं, सकाळपासून मी खोटंच तर सांगत आले होते. मॅडमचा आवाज कडक झाला. त्या म्हणाल्या, शेजाऱ्याची लेखी सही आहे, तुमच्याकडं काय पुरावा आहे? आमच्या ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं आणि सांगितलं की खरं आहे, वडिलांनी आणि तात्यांनी उचलला. पण नवऱ्यानं बायकोची बाजू घेतली याला पुरावा कोण म्हणतं? कल्याणनं टेप गुंडाळायला घेतला. मला कळेना आता काय करावं. सवलत हातची गेली होती आणि बांधही जात होता.

मग मी फाटकाकडं गेले, दोन्ही हातांनी कुंडी ढकलली आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "आत्या, या. देवाची वेळ टळतीय."

आत्याबाई आल्या. अंगावर रोजचं लुगडं, हाताला पीठ. कुणाकडं न बघता त्या खाली बसल्या, त्या वीतभर जागेवर तांब्या रिता केला आणि बोटानं कुंकू लावलं. मॅडमनी हे काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "देवाची जुनी जागा. आमी देवाला इचारून हलवलाय, सरकारला इचारायचं ऱ्हायलं." मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि तात्यांकडं वळल्या. दिराशी त्या तीन वर्षांनी बोलत होत्या.

"भावजी, या हिकडं. ह्या जाग्यावर हात ठिवा आन म्हना, देव हितं नव्हता. तुमी म्हनलं की मी बी म्हनन. मग फाटक तुमचं."

आमच्याकडं सरकारी कागदावर खोटी सही करायला कुणी भीत नाही. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, कुठंही. तात्याही भ्याले नसते. तावातावानं ते उठून आले, आता ठेवतोच हात अशा बेतानं. दोन हातांवर आले आणि थांबले. आणि त्यांनी चपला काढल्या.

त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. डावा पाय, मग उजवा पाय, चपला बाजूला सारल्या आणि अनवाणी पुढं आले. मॅडम बघत होत्या. दगड तिकडं कडुलिंबाखाली होता, तिथं सकाळपासून हा माणूस चपला घालून खुर्चीवर बसला होता. आणि इथं नुसत्या ओल्या मातीपुढं त्यानं चपला काढल्या.

तात्या वाकले. हात मातीच्या वीतभर वर राहिला. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत ते तसेच वाकून होते.

"हितंच हुता," ते मातीकडं बघत म्हणाले. "वैजनाथानं आन मी उचलला. जड हुता लई."

मॅडमनी पहिला कागद आडवा फाडून पिशवीत टाकला. मला म्हणाल्या, खोट्या जागेवरची सवलत मी दिली असती तर तुमच्या हॉटेलबरोबर माझी नोकरीही गेली असती. त्यांचं खरं होतं, मी मान खाली घातली. मग त्यांनी नवा कागद घेतला. टेपचं टोक ओल्या मातीवर आलं. फक्कीच्या रेघेपर्यंत एक मीटर सत्तर. दगड मूळ जागेवरून दीड मीटर रस्त्याकडं आणि तीन मीटर पश्चिमेला हलवलेला. मूळ जागा रस्त्याची आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या बांधाची हद्द. अंतर अपुरं असल्यानं सवलत नामंजूर. तात्यांनी सही केली, मी केली, आत्याबाईंनी अंगठा दिला. मॅडमनी जाताना मासवडी बांधून घेतली आणि पैसे मोजून दिले, एक रुपया कमी द्या म्हटलं तरी ऐकलं नाही.

आठव्या दिवशी चर खणला गेला. पाच आठवडे चारचाकी आत आली नाही. कारखान्यातली माणसं फळीवरून चर ओलांडून यायची, तेवढ्यावर चुली पेटत्या ठेवल्या. तीन बायकांना मला घरी बसा म्हणून सांगावं लागलं, आणि ते सांगताना मी रडले. ह्या पाच आठवड्यांत रोज रात्री वाटायचं की सही केली असती तर निदान गाड्या तरी आल्या असत्या.

त्याच कागदाच्या आधारानं बांधाची सरकारी मोजणी झाली. याआधी दोनदा तारीख पडली होती आणि दोन्ही वेळा तात्यांनी हरकत घेतली होती. या वेळी ते आलेच नाहीत. मोजणीवाल्यांनी फाटकाच्या ओल्या मातीपासून मागं दोरी धरली आणि तीन मीटरची पट्टी आमच्याकडं आली, बोळासकट. दहा फुटांची वाट झाली. आता गाड्या फाटकातून सरळ बोळानं मागं जातात. रस्त्यापासून सहा मीटर काय, तीस मीटर आत लागतात. सवलतीची गरजच उरली नाही. मॅडमनी येऊन चर बुजवायला सांगितला. तिन्ही बायका परत कामावर आल्या.

म्हसोबा आत्याबाईंनी परत मूळ जागी बसवला. उचलायला दोन माणसं लागतात. एक आमचे हे. दुसऱ्याला बोलवायला मी गेले नव्हते. तात्याच आले, चपला फाटकाबाहेर काढून.

तो नामंजुरीचा कागद मी काचेची फ्रेम करून गल्ल्याच्या वर लावलाय. पुण्याची गिऱ्हाइकं वाचतात आणि हसतात. म्हणतात, ताई, लोक परवाने लावतात, तुम्ही नकार लावलाय. मी त्यांना म्हणते, खालच्या सह्या वाचा.